ओट्याची उंची

इतिहासाच्या अभ्यासकानें स्वयंपाकघरांत फारसें शिरूं नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्यानें किल्ले, तहनामे आणि लढाया यांत रमावें, आणि जेवणाची वेळ झाली म्हणजे मुकाट्यानें पाटावर येऊन बसावें. मीहि जन्मभर हा दंडक इमानानें पाळीत आलों. परंतु गेल्या वर्षीं दिवाळी सरल्यावर आमच्या घरचें स्वयंपाकघर पाडून नवें करण्याचा प्रसंग आला. त्या साडेतीन आठवड्यांत आमच्या मिस्त्रींनीं मला एक साधा प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास चाळावा लागला. त्या प्रश्नाची हकीकत आज आपणांपुढें मांडावी असा विचार आहे.

आमचें बिऱ्हाड पुण्यांतील एका सहकारी गृहरचना संस्थेंत १९७४ सालापासून आहे. त्या वर्षीं बांधलेला ओटा, त्यावरची कडप्प्याची फरशी, खालचीं गंजलेलीं कपाटें आणि भिंतींतला गळका नळ हीं सर्वच आतां थकलीं होतीं. काम सुरू झालें त्या सकाळीं स्वयंपाकघर उठून बाहेरच्या खोलींत आलें. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर विजेची शेगडी आली, पुस्तकांच्या कपाटांत डाळ-तांदुळाचे डबे बसले, आणि घासावयाचीं भांडीं न्हाणीघरांत गेलीं. विटांची आणि सिमेंटची धूळ कितीहि पडदे लावले तरी वरणापर्यंत पोंचतेच, हें ज्ञान मला त्याच आठवड्यांत झालें. न्हाणीघराच्या नळापासून टेबलावरच्या शेगडीपर्यंत बावीस पावलें होतात. चहा एक वेळचा. पण पाणी आणणें, गाळणें विसरणें, तें आणावयास परत जाणें, कप विसळणें, असें करतां करतां मी एकदां शंभरावर पावलें मोजलीं आणि मोजणें सोडून दिलें. आमच्या घरांतून यावर इतकाच अभिप्राय मिळाला, "अहो, चहाचें हें झालें. सणावाराचा हिशेब मात्र मांडूं नका."

तिसऱ्या दिवशीं जुना ओटा फोडून झाला. मिस्त्री हातांत फूटपट्टी घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, ओटा किती उंच घ्यायचा?"

"नेहमींचा घ्या," मीं वर्तमानपत्रांतून मान न काढतां सांगितलें.

"नेहमींचा म्हणजे चौतीस इंच. पण आजींना तो चालेल का?"

मीं वर पाहिलें. त्यांनीं बोटानें जमिनीकडे दाखविलें. जिथें जुना ओटा उभा होता, त्याच्या पुढ्यांत शहाबादी फरशीवर एक चौकोन उमटलेला होता. आजूबाजूची फरशी पाण्यानें आणि पायांनीं गुळगुळीत झालेली. तो चौकोन मात्र खरबरीत, पहिल्या दिवशींच्या फरशीसारखा. त्याच्या दोन कडांना घासल्याच्या दोन खोल रेघा होत्या. तेथें पाट असे. माझ्या आईची उंची चार फूट नऊ इंच. तो ओटा तिला उंच पडे, म्हणून जवळजवळ पन्नास वर्षें ती त्या पाटावर उभी राहून स्वयंपाक करीत आली होती. मीं तो पाट रोज पाहिला होता. तो तिथें कशासाठीं आहे, हें मीं एकदांहि स्वतःस विचारलें नव्हतें.

संध्याकाळीं मीं तिला म्हटलें, "आई, ओटा उंच पडतो असें तूं कधीं बोलली कां नाहींस?"

ती म्हणाली, "अरे, मला विचारलें कोणीं? ओटा बांधून झाल्यावर तुझे बाबा म्हणाले, बघ कसा झाला. मी म्हटलें, चांगला झाला."

मग तिनें आणखी एक गोष्ट सांगितली. हा पाट वाड्यांतला. सासरीं आल्यावर ती चुलीपुढें याच पाटावर बसे. नव्या घरीं आल्यावर ती त्याच पाटावर उभी राहिली. एवढ्या एका वाक्यांत आपल्या स्वयंपाकघरांतली एक मोठी क्रांति सामावलेली आहे.

आमच्या आधीच्या पिढीपर्यंतचें मराठी स्वयंपाकघर हें बसून काम करण्याचें ठिकाण होतें. मातीची चूल जमिनीवर. तिच्याच आंचेवर आमटी-भात मंद शिजावा म्हणून शेजारीं वैल. हाताशीं सरपण आणि फुंकणी. विळी पायाखालीं दाबून धरावयाची, म्हणजे ती चालविणारी बसलेलीच हवी. पाटा-वरवंटा, जातें, परात, पोळपाट हीं सर्व जमिनीवरचीं. जेवणारेहि जमिनीवरच बसत. सगळीं आयुधें आणि सगळे व्यवहार एका पातळीवर होते, आणि त्यांची उंची कोणास ठरवावी लागत नव्हती. कोणत्याहि उंचीची बाई चुलीपुढें बसली कीं तिचा हात जिथें पोंचावयास हवा तिथें पोंचे.

ह्या जुन्या व्यवस्थेचें कौतुक करणारे लोक तिच्यांतल्या धुराचा उल्लेख टाळतात, हें मात्र न्यायाचें नव्हे. ओल्या लाकडांच्या धुरानें भिंती काळ्या होत, आणि त्याच धुरानें फुंकणी फुंकणारीचे डोळे आणि छाती झिजे. ती गोष्ट फार जुनी झाली असेंहि नाहीं. चुलीच्या धुरांतून गरीब घरांतल्या बायांची सुटका व्हावी म्हणून सरकारला उज्ज्वला योजना काढावी लागली ती २०१६ सालीं. म्हणून चूल गेली याबद्दल अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. ती जातांना बाईच्या शरीराचें काय झालें, एवढेंच मला पाहावयाचें आहे.

बाई एकदम उभी राहिली नाहीं. १८९२ सालीं स्टॉकहोम शहरांत फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिरानें बिनवातीचा, हवेच्या दाबानें पेटणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. प्रायमस या नांवानें तो जगभर गेला आणि आपल्या शहरांतल्या घरांतहि आला. परंतु स्टोव्ह लहान होता. तो जमिनीवर ठेवून, पुढें पाट घेऊन, पूर्वीप्रमाणेंच बसून स्वयंपाक करतां येई. खरा बदल गॅसनें घडविला. सिलिंडरमधील गॅस मुंबईंत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीनें विकावयास आणला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो मध्यमवर्गीय घरांत पसरला. घरगुती सिलिंडर सुमारें दोन फूट उंच असतो. तो आडवा ठेवतां येत नाहीं, उभाच ठेवावा लागतो. आणि शेगडी त्याच्या डोक्याहून वरच्या पातळीवर असावी, असा सुरक्षिततेचा नियम आहे. म्हणजे शेगडीला ओटा हवा, आणि ओट्यापुढें बाईनें उभें राहावयास हवें. नळाचें पाणी आणि भांडीं घासण्याची जागाहि त्याच उंचीवर आली. विळीची जागा सुरीनें घेतली, पाट्याची जागा मिक्सरनें. पंचवीस-तीस वर्षांत शहरांतली सबंध एक पिढी चुलीपुढून उठून ओट्यापुढें उभी राहिली. चुलीपुढें जो प्रश्न कधीं उद्भवला नव्हता तो आतां उद्भवला: हा ओटा कोणाच्या उंचीचा?

ह्या प्रश्नावर परदेशांत आपल्या आधीं विचार झालेला होता, म्हणून थोडें तिकडे जाऊं. अमेरिकेंत कॅथरिन बीचर या बाईंनीं आपल्या भगिनी हॅरिएट बीचर स्टो यांच्यासह १८६९ सालीं गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं आगबोटीवरच्या स्वयंपाक्याचा दाखला दिला. दोनशें उतारूंचें अन्न तो एवढ्याशा खोलींत शिजवितो, आणि लागेल ती वस्तु एक-दोन पावलांत त्याच्या हाताशीं येते. मग घरच्या बाईनेंच दिवसभर इकडून तिकडे कां धांवावें, असा त्यांचा सवाल होता. पुढें १९११ सालीं फ्रेडरिक टेलर यांचें कारखान्यांतल्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील प्रसिद्ध पुस्तक निघालें. त्याच सुमारास ख्रिस्टिन फ्रेडरिक या गृहिणीनें तीं तत्त्वें घरकामास लावून पाहिलीं, आणि १९१३ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. कामाच्या टेबलाची व भांडीं घासण्याच्या जागेची उंची तिथें उभ्या राहणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणें असावी, असा तिचा आग्रह होता.

हीं पुस्तकें ज्यांनीं मन लावून वाचलीं त्यांत व्हिएन्ना शहराच्या मार्गारेटे लिहोत्स्की या एक होत्या. लग्नानंतर शुट्टे-लिहोत्स्की. त्यांचा जन्म १८९७ सालचा. वास्तुशास्त्राचें शिक्षण घेणाऱ्या ऑस्ट्रियांतल्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं त्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत घरांची भयंकर टंचाई झाली. फ्रांकफुर्ट शहराचे वास्तुप्रमुख एर्न्स्ट माय यांनीं १९२५ पासून कामगार व नोकरदार यांच्यासाठीं हजारों घरें बांधावयास घेतलीं, आणि १९२६ सालीं त्यांतल्या स्वयंपाकघराची योजना ह्या २९ वर्षांच्या बाईंवर सोंपविली. त्यांनीं हातांत घड्याळ घेऊन प्रत्येक कामास लागणारा वेळ मोजला, पावलें मोजलीं, आणि आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतलें अरुंद स्वयंपाकघर नमुन्यादाखल पुढें ठेवलें. त्यांतून जी खोली निघाली ती सुमारें सहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब. 'फ्रांकफुर्टचें स्वयंपाकघर' म्हणून ती वास्तुशास्त्राच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, आणि आज आपण ज्यास मॉड्युलर किचन म्हणतों त्याची ती आजी आहे.

ह्या खोलींतली एकेक गोष्ट पाहण्यासारखी आहे. डाळी, साखर, तांदूळ यांसाठीं भिंतींत बसविलेले अॅल्युमिनियमचे छोटे खण. त्यांना मूठ आणि तोंडाला चोंच, म्हणजे खण उपसून सरळ पातेल्यांत ओततां येई. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यास किडे लागत नाहींत. चिरण्याची फळी बीच लाकडाची, कारण तिच्यावर डाग पडत नाहींत; फळींतच एक खांच, तीतून सालें खालच्या खणांत पडावयाचीं. कपाटांचा रंग निळसर, कारण त्या रंगावर माशा बसत नाहींत अशी तेव्हां समजूत होती. इस्त्रीची फळी भिंतीवरून खालीं उतरणारी. आणि माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची वस्तु म्हणजे खिडकीखालच्या ओट्यापुढें ठेवलेलें एक फिरतें स्टूल. बाईनें उजेडाकडे तोंड करून, बसून भाजी चिरावी, म्हणून तें होतें. सगळें जग बाईस उभें करीत असतांना ह्या बाईंनीं तिला बसावयास जागा ठेवली. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें फ्रांकफुर्टमध्यें बसविलीं गेलीं.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु त्या घरांत राहावयास आलेल्या लोकांचें म्हणणेंहि इतिहासांत नोंदलेलें आहे. त्यांच्या जुन्या घरांत स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास आणि गप्पा एकाच उबदार खोलींत चालत. नव्या खोलींत दोन माणसें एका वेळीं काम करूं शकत नव्हतीं, मग मुलांची गोष्टच नको. साखरेचे आणि तांदुळाचे ते सुबक खण नेमके पोरांच्या हाताच्या उंचीवर आले. खणांवर छापलेलीं नांवें एक, आंत भरलेली वस्तु दुसरीच, असेंहि घरोघर झालें. घड्याळानें पावलें मोजलीं होतीं; पण आईच्या पदराशीं घोटाळणारें मूल, मदतीस आलेली सासू, दाराशीं टेकून बोलणारी शेजारीण यांची गणती त्या नकाशांत नव्हती.

ह्याचें एक कारण खुद्द शुट्टे-लिहोत्स्की यांनींच उतारवयांत मोकळेपणानें सांगून टाकलें आहे. हें स्वयंपाकघर आंखण्यापूर्वीं आपण कधीं घर चालविलें नव्हतें, कधीं स्वयंपाक केला नव्हता, अशी कबुली त्यांनीं दिली. त्या कबुलीनें मला त्यांच्याबद्दलचा आदर वाढल्यासारखें वाटतें. त्यांचा हेतु नोकरी करणाऱ्या स्त्रीचा वेळ वांचविण्याचा होता, आणि तो बऱ्याच अंशीं साधलाहि. त्यांचें आयुष्यहि स्वयंपाकघराएवढें अरुंद नव्हतें. १९३० सालीं त्या सोव्हिएट रशियांत कामास गेल्या. पुढें नाझी राजवटीविरुद्धच्या गुप्त चळवळींत सामील झाल्या, १९४१ सालीं पकडल्या गेल्या, आणि १९४५ सालीं जर्मनीच्या पाडावाच्या वेळीं कारागृहांतून सुटल्या. शंभरी ओलांडून त्या २००० सालीं वारल्या. लोक आपणांस केवळ त्या एका स्वयंपाकघरासाठीं ओळखतात, ह्याचा त्यांना अखेरपर्यंत त्रास होई.

अमेरिकेंत लिलियन गिलब्रेथ या मानसशास्त्राच्या पंडित आणि अभियंता बाईंनीं दुसरी वाट धरली. ह्याहि स्वतः स्वयंपाकांत फारशा निपुण नव्हत्या, आणि घरांत मुलांचा मोठा गोतावळा होता. परंतु शेगडी, मोरी आणि कामाचें टेबल यांची योग्य उंची ठरविण्यासाठीं त्यांनीं हजारों स्त्रियांना विचारलें. ज्यास काम येत नाहीं त्यानें काम करणारास विचारावें, ही गोष्ट सांगावयास सोपी आहे. गंमत अशी कीं, इतकें झाल्यावरहि पुढें कारखान्यांनीं तयार ओटे काढले ते एकाच उंचीचे, कारण एका मापाचा माल काढणें स्वस्त पडतें.

आपल्याकडे ह्याच काळांत काय चाललें होतें? फ्रांकफुर्टप्रमाणें मुंबईंतहि महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, आणि सरकारनेंच घरें बांधावयास घेतलीं होतीं. १९२० सालीं स्थापन झालेल्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें कामगारांसाठीं चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी म्हणून प्रसिद्ध आहेत. एकंदर इमारती २०७. तेथें एका कुटुंबास एक खोली मिळे, सुमारें १६० चौरस फुटांची. फ्रांकफुर्टच्या एकट्या स्वयंपाकघराचें क्षेत्र सुमारें ६९ चौरस फूट होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तुलना आपोआप होते. ह्या खोल्यांत वेगळें स्वयंपाकघर नव्हतें. खोलीचा एक कोपरा बाईनें स्वतःच्या हिमतीनें स्वयंपाकघर केला: फळ्या ठोकल्या, पडदा लावला, पितळेचे डबे उतरंडीनें रचले. घड्याळ घेऊन तिची पावलें मोजावयास कोणी आलें नाहीं. आणि ज्या जागेंत तिनें तीन-तीन पिढ्यांस जेवूं घातलें, तिचा नकाशा कोणत्याहि ग्रंथांत छापला गेला नाहीं.

ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे मिस्त्रींच्या प्रश्नाचें वजन कळतें. एका शहरांत बाईचा बारकाईनें विचार झाला, पण राहणाऱ्या बाईस विचारलें गेलें नाहीं. दुसऱ्यांत विचारहि झाला नाहीं. आणि आमच्या घरीं, एका इतिहासाच्या प्राध्यापकाच्या घरीं, पन्नास वर्षें दोन्हीहि झालें नाहीं. तो प्रश्न शेवटीं विचारला एका मिस्त्रींनीं, आणि तोहि फरशीवरचा डाग पाहून.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं टेबलावरची शेगडी बाजूला सारली आणि आईला भिंतीशीं उभें केलें. हात कोपरांत वांकवून ती उभी राहिली; माझ्या पत्नीनें टेपानें माप घेतलें. मग पत्नी उभी राहिली, तिचें माप मीं घेतलें. दोघींच्या मापांत साडेचार इंचांचें अंतर निघालें. आई म्हणाली, "माझें आतां किती दिवस राहिलेत? ओटा तिच्या मापाचा करा." सून म्हणाली, "आई, तुमच्या मापाचा तुकडा नसेल तर मी नव्या स्वयंपाकघरांत पाऊल टाकणार नाहीं." मिस्त्रींनीं दुसऱ्या दिवशीं डोकें खाजविलें, कडेला पायरी येईल, दगड दोनदां कापावा लागेल, खर्च वाढेल, असें सांगितलें, आणि मग दोन उंचींचा ओटा बांधून दिला. शेगडी आणि मोरी चौतीस इंचांवर. खिडकीखालीं तीन फूट लांबीचा तुकडा साडेएकोणतीस इंचांवर. त्याच्या पुढें, फ्रांकफुर्टच्या त्या बाईंचें स्मरण करून, मीं एक स्टूल ठेवविलें.

स्टुलावर आई पहिले आठ दिवस बसली नाहीं. उंचावर बसून भाजी निवडणें तिला परकें वाटे. नवव्या दिवशीं मेथीची मोठी जुडी आली, गुडघे दुखत होते, आणि ती बसली. आतां रोज बसते. पाट आम्हीं टाकून दिला नाहीं. मीं तो माझ्या पुस्तकांच्या कपाटाशीं नेऊन ठेवला आहे, कारण वरच्या फळीवरचीं पुस्तकें काढावयास मलाहि उंची कमी पडते.

श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं असें काम निघावयाचें असेल, त्यांना माझी एवढीच विनंति आहे. फरशीचा रंग आणि कपाटांचा घाट ठरविण्यापूर्वीं, तेथें रोज उभ्या राहणाऱ्या माणसास एकदां भिंतीशीं उभें करून त्याचें माप घ्यावें. त्यास फार तर पांच मिनिटें लागतात.